आत्याबाईंच्या डोळ्यांवर पट्टी

३ तारीख, मंगळवार

पडली! सकाळी लोड वाढला म्हणून धाकटीला, म्हणजे आमच्या तिसऱ्या जनरेटरला, जोडीला घेतलं, आणि जरा दम धरते न धरते तोच ब्रेकर धाडकन बाहेर. त्या हिसक्यात हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्याची वीज गेली. मी नेमका तिथेच होतो, काचेच्या पेटीला नाक लावून. पेटीतला दिवा विझला आणि ठकी दिसेनाशी झाली.

ठकी म्हणजे माझी मुलगी. दिवस भरायच्या कितीतरी आधी आली. नाव ठेवायचंय अजून. ही म्हणाली, चिंधीच्या बाहुलीएवढी आहे, तोवर ठकीच म्हणू. तोंडात नळी, नळीला श्वासाचं मशीन. रडते तेव्हा कपाळाला आठ्या पडतात, तोंड वाकडं होतं, पण आवाज येत नाही. नळीमुळे येत नाही म्हणतात. जन्मल्यापासून तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

दिवे जाताच मशीन आपल्या बॅटरीवर गेलं, आणि बॅटरीने चार ठोक्यांत मान टाकली. सिस्टरने नळीला रबरी फुगा लावला आणि हाताने दाबत राहिली. दाबता दाबता माझ्यावरच खेकसली — "तुम्ही खालचे वीजवाले ना? मग इथे काय उभे राहिलात? पळा की!"

पळालो. खाली पोचेपर्यंत दादाने मजला परत चढवलाही होता.

दादा म्हणजे हिचा मोठा भाऊ. सकाळची पाळी त्याची, दुपारची माझी. सगळे त्याला सबुरी म्हणतात, कारण कशालाही हात घालायच्या आधी "सबुरीनं घ्या" म्हणतो. आज त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. पॅनेलवर लाल झेंडी पडलेली — रिव्हर्स पॉवर. म्हणजे आत्याबाईंनी, त्या पॅनेलमधल्या रिलेने, धाकटीला हाकललं.

४ तारीख, बुधवार

परत तेच. तीच वेळ, तीच धाकटी, तीच झेंडी.

५ तारीख, गुरुवार

आज तिसऱ्यांदा. डोकं ठिकाणावर नाही. लिहिलं नाही तर कुणाचं तरी डोकं फोडीन, म्हणून लिहितोय.

वादळात बाहेरून येणाऱ्या लाईनचे मनोरे आडवे झाले. तेव्हापासून अख्खं हॉस्पिटल आमच्या तीन जनरेटरवर. थोरली, मधली, धाकटी. तिघी एकाच बसबारला, एकाच जाड तांब्याच्या पट्टीला, वीज देतात — एका चुलीवर रांधणाऱ्या तीन जावा. थोरली आणि मधली अखंड चालू. सकाळी ऑपरेशनं, लॉन्ड्री, लिफ्ट सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा धाकटीला घ्यायचं. संध्याकाळी सोडायचं.

अशा जोडीने चालणाऱ्या मशीनची एक खोड आहे. एखादीचं डिझेल तुटलं तरी ती थांबत नाही! बाकीच्यांच्या विजेवर तशीच गरगरत राहते. वेग तोच, आवाजही जवळजवळ तोच. बघणाऱ्याला वाटतं, काय राबतेय बिचारी. प्रत्यक्षात ती वीज देत नसते, खात असते. तिच्या इंजिनाची वाट लागते, आणि तिच्या ओझ्याने बाकीच्याही बसतात. मग सगळा काळोख. म्हणून प्रत्येकीवर एक रिले. त्याने एवढंच बघायचं, वीज बाहेर जातेय की आत येतेय. आत यायला लागली की दोन-चार क्षण वाट बघायची आणि मशीन बाहेर काढायचं. भरल्या घरात एक आत्याबाई असतात ना — कोण खरंच राबतंय आणि कोण नुसतं पदर खोचून उभं आहे ते बरोबर टिपणाऱ्या! म्हणून आमच्याकडे त्या रिलेचं नाव आत्याबाई.

पूर्वी मला त्या आवडायच्या. नव्या माणसाला मीच कौतुकाने दाखवायचो. आता त्यांचा गळा दाबावासा वाटतो. धाकटीचं इंजिन ठणठणीत, डिझेल आहे, सगळं आहे, आणि ह्या बया रोज सकाळी तिला उंबऱ्याबाहेर काढतात! थोरली-मधली त्या वेळी आधीच काठोकाठ भरलेल्या. त्यात हा धक्का. वीज खचते, आणि तिसऱ्या मजल्याची वीज जोडून धरणारा कॉन्टॅक्टर जुना, तोच पहिला सुटतो. वर माझ्या मुलीचा श्वास एका बाईच्या मुठीत.

मोठे साहेब खाली आले. घामाघूम. "रिलेच बिघडलाय. बायपास करून टाका ना!" मी म्हटलं, "करतो." दादाने माझा हात धरला. "जावईबापू, सबुरीनं घ्या. टेस्टिंगवाल्या मॅडम उद्या येतायत."

सबुरी! ह्याची सबुरी आणि माझी पोरगी!

ही दुसऱ्या मजल्यावर. टाक्यांमुळे तिला जिना चढता येत नाही, म्हणून मी वर जाऊन बघतो आणि खाली येऊन तिला सांगतो. आज म्हणाली, "आज पण दिवे गेले का रे वरचे?" मी म्हटलं, "छे! तुझ्याच खोलीचा बल्ब गेला असेल." तिने बल्बकडे पाहिलं. तो चालू होता. 

६ तारीख, शुक्रवार

जे करायचं नव्हतं ते केलं.

सकाळी मॅडम आल्या. बहुतेक रस्ता चिखलातून चालत, खांद्यावर टेस्टिंगची पेटी. धाकटीला आज मॅडमच्या चाचणीपुरतंच घ्यायचं, तेही लोड कमी ठेवून, लॉन्ड्री बंद ठेवायची असं ठरलं, म्हणून मी वर जाऊन बसलो. तर वीज असूनही ठकी निळी पडली! नळीत कफ अडकला होता. डॉक्टरीणबाईंनी तो काढला, रंग परतला. पण म्हणाल्या, "हिच्यात आता फार काही शिल्लक नाही. एक धक्का सोसेल, दोन सोसेल. मी खोटं सांगणार नाही."

खाली आलो. मॅडम पेटी आवरत होत्या. "रिले उत्तम आहे. जे दिसतं तेच सांगतोय तो. बाकीचं मी ह्यांना नीट समजावलंय." ह्यांना म्हणजे दादाला. दादा खाली मान घालून उभा.

मी ओरडलोच. काय काय बोललो ते आठवत नाही. उत्तम आहे म्हणे! पेशंट मेला, पण नाडी छान होती! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी वर आहे, कळलं मला. म्हणूनच सांगते, ह्याला हात लावू नका."

दुपारी पाळीवर एकटा होतो. पॅनेलच्या मागे शिरलो. प्रत्येक मशीनचा करंट मोजून एक वायरची जोडी मागे टर्मिनलवर येते, तिथून रिलेकडे जाते. त्या दोन टर्मिनलवर तारेचा एक तुकडा आडवा टाकला की रिलेला काही म्हणजे काही दिसत नाही. मागे अंधार, गरम. टॉर्च दातात धरलेला. उजवीकडचं शेवटचं, धाकटीचं पॅनेल गाठलं, तार टाकली, स्क्रू आवळले.

आत्याबाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आता बघा कुणाला हाकलता ते.

बाहेर येऊन हात पुसले आणि खुर्चीत बसलो.

७ तारीख, शनिवार

नाही पडली!!

दादाने धाकटीला घेतलं, मी वर पेटीपाशी, डोळे दिव्यावर. दिवा पापणीसुद्धा हलवेना. लिफ्ट सुरू झाली, लॉन्ड्रीचा भोंगा झाला, आणि ठकी आपली छाती वरखाली करत पडलेली. मी सिस्टरकडे बघून हसलो. ती म्हणाली, "काय झालं हसायला?"

काही नाही सिस्टर. तारेचा एक वीतभर तुकडा झाला.

साहेबांनी पॅनेलच्या मागच्या दाराला कुलूप घातलं. मॅडमनी बजावलंय म्हणे, मागे कुणी जायचं नाही. किल्ली साहेबांच्या खिशात. परवा हेच "बायपास करा" म्हणत होते! वारा येईल तशी पाठ. मला काय, माझं काम झालंय.

८ तारीख, रविवार

आजही नाही. ठकीने माझं बोट धरलं. म्हणजे बोटाचं टोक.

९ तारीख, सोमवार

मी काय करून बसलो!

पाळी बदलताना दादा थांबला. म्हणाला, "जावईबापू, एक सांगायचं राहिलंय. लाज वाटत होती म्हणून राहिलं." मग त्याने जे सांगितलं ते असं.

धाकटीला जोडीला घेताना तिचा वेग चालू मशीनशी जुळवावा लागतो. त्यासाठी पॅनेलवर एक गोल डायल असतो. काटा उजवीकडे फिरत असेल तर येणारी मशीन किंचित पुढे, डावीकडे फिरत असेल तर किंचित मागे. बाराच्या आकड्यावर काटा आला की ब्रेकर लावायचा. लावायचा तो काटा हळूच उजवीकडे फिरताना — म्हणजे मशीन आल्या आल्या ओझं उचलते. दादाने आयुष्यभर तसंच केलं. पण ठकी आल्यापासून त्याचा हात भ्यायला. "वर पोर आहे, धसका नको बसायला, म्हणून म्हटलं मशीन जरा हळूच घ्यावी." आणि डावीकडे फिरत्या काट्यावर ब्रेकर लावत गेला! मागे रेंगाळणारी मशीन घरात आली की पहिल्या क्षणी देणार काय? तीच दुसऱ्यांच्या जिवावर ओढली जाते. मग हा सबुरीने तिचं डिझेल वाढवणार. तोवर आत्याबाईंची दोन-चार क्षणांची वाट बघून संपलेली.

"मॅडमनी माझ्याच हातून घेऊन दाखवलं. शनिवारपासून उजव्या काट्यावर घेतोय. बघा, एकदाही पडली नाही. रिलेचा काही दोष नव्हता. माझ्या भाचीचा जीव मीच टांगला होता हो." आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पान्हा हातात धरून.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.  धाकटी शांत झाली ती त्याच्या काट्यामुळे! माझ्या तारेचा काडीचा उपयोग झालेला नाही. पण तार आहे. आत्याबाई आंधळ्या आहेत. उद्या धाकटीचं डिझेल खरंच तुटलं तर हाकलणारं कुणी नाही — आणि मागच्या दाराला कुलूप.

आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. तेही स्वतःच्या पायांनी.

१० तारीख, मंगळवार

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो.

सांगितलं तर आजच्या आज बाहेर काढतील, आणि काढायलाच हवं. पण बाहेर म्हणजे गेटच्या बाहेर. इथला माणूस आहे म्हणून मी हवा तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जातो. बाहेरच्या बापांना संध्याकाळी काचेतून बघू देतात, तेही रांगेत. हिला जिना चढता येत नाही. मग ठकीपाशी कोण? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या आठवड्यात मशीन हळूहळू कमी करून बघू — जमलं तर नळी काढू, नाहीतर...  त्या वेळी मी गेटबाहेर?

आणि न सांगावं तर? प्रत्येक क्षणाला कान धाकटीकडे. पण कान देऊन उपयोग काय, डिझेल तुटलं तरी ती तशीच घुमणार! डोळा तिच्या किलोवॉटच्या काट्यावर लावून बसतो. शून्याच्या खाली गेला की हाताने ब्रेकर पाडायचा, असं ठरवलंय. पाणी प्यायला उठत नाही. दादाच्या पाळीतही तिथेच बसतो. त्याला वाटतं, माझा त्याच्यावर भरवसा उरला नाही. वाटू दे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देवा, मला अक्कल का दिली नाहीस?

ठकीचं मशीन थोडं कमी केलंय. आता काही श्वास तिचे, काही मशीनचे. कुठला कुणाचा ते मला ओळखू येत नाही. तासन् तास बघत राहिलो तरी नाही.

११ तारीख, बुधवार

झालं. जे व्हायचं होतं ते झालं, आणि मला अजून कळत नाही काय झालं.

दुपारी. टँकरमधून आलेलं डिझेल गढूळ, वादळाचं पाणी मिसळलेलं. धाकटीचा फिल्टर तुंबला असणार. आवाज जरासुद्धा बदलला नाही. पण काटा उतरला. वीस, दहा, शून्य — शून्याच्या खाली! धाकटी खायला लागली. थोरलीने घरघर काढली. मी झेपावलो, हात ब्रेकरच्या बटणाकडे —

आणि बटणाला हात लागायच्या आधी ब्रेकर धाडकन बाहेर. लाल झेंडी. रिव्हर्स पॉवर.

आत्याबाईंनी हाकललं!

हात तसाच हवेत राहिला. मग लॉन्ड्री तोडली, लिफ्ट तोडली, वीज थोडी खचली आणि सावरली. तिसरा मजला जसाच्या तसा. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

पण डोळ्यांवर पट्टी असताना आत्याबाईंना दिसलं कसं?

वाटलं, दादा. त्याला तार सापडली असणार, त्याने गुपचूप काढली असणार, आणि माझी अब्रू झाकली. पाळी संपताच धावत त्याच्या घरी गेलो, पायच धरले. "दादा, तुम्ही तार काढलीत, तुमचे उपकार..."

तो बघतच राहिला. "कसली तार?"

म्हटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. त्याला थट्टा येतच नाही.

१२ तारीख, गुरुवार

सकाळी स्वयंपाकघरात बसलो होतो. सासूबाईंनी चहा ठेवला. समोर तीन रिकामे पेले होते. उगाच ओळीने मांडले. डावीकडून थोरली, मधली, धाकटी — पॅनेल समोरून बघताना दिसतात तसे. शेवटची, उजवीकडची, धाकटी. मग म्हटलं, त्या दिवशी मी मागे शिरलो. उठलो, टेबलाच्या पलीकडे गेलो.

मागून उजवीकडचा शेवटचा पेला थोरलीचा आहे.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, हे काय चाललंय? पेल्यांभोवती काय फिरताय?" 

मागून बघताना डावं-उजवं उलटतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला! मीच किती जणांना शिकवलंय! दातात टॉर्च, डोळ्यांत पाणी, सवयीने उजवीकडे गेलो आणि थोरलीच्या आत्याबाईंना पट्टी बांधून आलो. तेव्हापासून थोरली बेवारस. सगळ्यांत मोठी, दिवसरात्र चालणारी, तेच गढूळ डिझेल पिणारी. काल तिचा फिल्टर तुंबला असता तर? मी डोळे फाडून धाकटीच्या काट्याकडे बघत बसलो असतो आणि थोरलीने सगळं घर खाली ओढलं असतं. नशिबाने काल धाकटीची पाळी होती, आणि तिच्या आत्याबाई जाग्या होत्या. ज्यांचा मी गळा दाबायला निघालो होतो, त्या.

चहा तसाच ठेवून निघालो. ह्या वेळी साहेबांच्या दारातून परत फिरलो नाही. सगळं सांगितलं. साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या पुढे चालू लागले. दार उघडलं. उजवीकडचं शेवटचं पॅनेल. तार तिथेच होती, मी आवळलेली.

दादाने काढली. मला हात लावू दिला नाही.

साहेब म्हणाले, "ओळखपत्र ठेवा इथे." ठेवलं. वर जाऊन येऊ का, विचारायचा धीर झाला नाही. गेटमनने मला बघून सवयीने सलाम केला.

१३ तारीख, शुक्रवार

गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसलोय. दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघतोय, दिवा एकदाही हलला नाही.

आत्ता दादाचा फोन आला. "बोलू नका. नुसतं ऐका," म्हणाला. आधी सिस्टरचा आवाज, मग कसलीशी खरखर, मग काहीच नाही. काहीच नाही. आणि मग — बारीक, चिरका, रागावलेला. एकदा थांबला, परत सुरू झाला.

नळी काढली!

असा आहे होय ठकीचा आवाज.